टावी उपचारातील प्रवेशमार्गाची निवड

महाधमनीची झडप कॅल्शियम साठून अरुंद झाली असता, छाती न उघडता कॅथेटरच्या (लांब, बारीक, लवचिक नळीच्या) साहाय्याने तिच्या जागी कृत्रिम झडप बसवण्याच्या उपचारास ‘टावी’ म्हणतात. घडी घातलेली ही झडप कोणत्या वाटेने हृदयापर्यंत न्यायची, हे आधी ठरवावे लागते. फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए यांनी २००२ साली अशी पहिली झडप बसवली, ती जांघेतील शिरेतून, दोन्ही अलिंदांमधला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधला, पडदा छेदून. तो मार्ग किचकट ठरल्याने पुढे मागे पडला आणि जांघेतील धमनीचा मार्ग रूढ झाला.

आज बहुतेक रुग्णांत हाच मार्ग पहिली पसंती असतो, कारण पुष्कळदा पूर्ण भूल न देताही काम होते आणि रुग्ण लवकर चालू-फिरू लागतो. तो निवडण्यापूर्वी छातीपासून मांड्यांपर्यंतचा सीटी अँजिओग्राम (रक्तवाहिन्यांचे सीटी चित्रण) काढून धमनीचा आतील व्यास, तिची वळणे आणि कॅल्शियमचे थर तपासतात. झडप आत नेण्यासाठी धमनीत घालायच्या सुरुवातीच्या शीथ नळ्या २२ ते २४ फ्रेंच मापाच्या, म्हणजे सात-आठ मिलिमीटर आतील व्यासाच्या होत्या. आता १४ फ्रेंचच्या नळ्या मिळत असल्याने साधारण साडेपाच मिलिमीटरची धमनीही अनेकदा पुरते. मात्र व्यास पुरेसा असूनही कॅल्शियमने धमनीला चहूबाजूंनी कडे घातले असेल, तर ती ताणली जात नाही, फाटू शकते. वेडीवाकडी पण मऊ धमनी मात्र आत घातलेल्या ताठ तारेवर बऱ्याचदा सरळ होते. म्हणून केवळ आकड्यावर निर्णय घेणे धोक्याचे आहे.

जांघेतील वाट बंद असल्यास गळपट्टीच्या हाडाखालची धमनी किंवा मानेतील कॅरोटिड धमनी विचारात घेतात. गळपट्टीच्या हाडाखालच्या डाव्या धमनीच्या शाखेवर जुन्या बायपासचा रक्तपुरवठा अवलंबून असेल, तर तिथे विशेष जपावे लागते; कॅरोटिड वापरण्यापूर्वी मेंदूचा रक्तपुरवठा तपासावा लागतो. पोटातील महाशिरेतून शेजारच्या महाधमनीत शिरण्याचा मार्गही आहे, पण त्यासाठी महाधमनीच्या भिंतीवर कॅल्शियम नसलेली जागा सापडावी लागते. बरगड्यांमधून हृदयाच्या टोकाला छेद देण्याची पद्धत आता क्वचितच वापरतात. फुप्फुसे अशक्त किंवा डावा निलय (शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा कप्पा) दुबळा असलेल्या रुग्णाला ती फार जड जाते.

हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ, हृदयशल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो. अयोग्य धमनीतून नळी रेटण्यापेक्षा वेळीच दुसरा मार्ग धरणे केव्हाही सुरक्षित असते, आणि धमनी फाटलीच तर ती आतून सांधण्यासाठी आवरणयुक्त स्टेंट (धमनीत बसवायची जाळीदार नळी) व फुगा हाताशी तयार ठेवतात.