पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोहोचतं?

मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. तरी जाताना परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. ‘पृथ्वी खाली फिरते ना, म्हणून!’ हे त्याचं वर्षानुवर्षं चालत आलेलं स्पष्टीकरण. ते चूक आहे.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणजे या तर्काने लंडनच आपल्याकडे सरकत यायला हवं आणि जातानाचा प्रवास झटपट व्हायला हवा. घडतं नेमकं उलटं! मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगाने फिरते. हवा तिच्यासोबत फिरत नसती, तर सीएसएमटीवर तासभर तरंगणारं हेलिकॉप्टर थेट ओमानच्या किनाऱ्यावर उतरलं असतं. व्हिसाची भानगड वेगळीच.

खरा खेळ वाऱ्याचा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. हिवाळ्यात त्याचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये याच वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशोबाने वेग ध्वनीपेक्षा जास्त दिसला, पण भोवतालच्या हवेच्या तुलनेत तो नेहमीचाच होता.

आणि तिकिटावरच्या वेळा वजा करून प्रवासाचे तास काढू नका. त्या दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात.