चवळीतला भुंगा आणि तांदळातला सोंडा

डब्यात काही काळं वळवळलं की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी त्याला एकच नाव: सोंडे. शेजारच्या बेन म्हणतात ‘धनेडां’. परवा चवळीत किडे निघाले, तर आईने शेजारच्या डब्यातला तांदूळही गच्चीवर वाळवायला नेला. उगीच! चवळीचा भुंगा तांदळाला लागत नाही. मोठा झालेला भुंगा तर डब्यात काही खातच नाही. दहा-बारा दिवस जगतो, जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते आणि संपलं. खाणं सगळं अळीचं, तेही दाण्याच्या आत.

सोंडा नावाप्रमाणे सोंडवाला. अंग निमुळतं, पंखांवर चार तांबूस ठिपके. मादी सोंडेने दाणा कोरते, भोकात एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावते, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. मोठा सोंडाही तांदूळ-गहू कुरतडत महिनोन्महिने जगतो.

भुंगा बुटका, गुबगुबीत. सोंड नाही, आणि पंख आखूड पडल्यासारखं मागचं टोक उघडं. तो सोंड्याच्या कुळातलाही नाही. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचा भाऊबंद. त्याचं अंडं मात्र दाण्यावर, उघड्यावर. चवळीचे चार दाणे तळहातावर घेऊन उजेडात बघा: खसखशीहून बारीक पांढरे ठिपके सालीला चिकटलेले दिसतील. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते आणि कोरलेला भुसा मागच्या रिकाम्या कवचात सारते, म्हणून ठिपका पांढरा. कोषात जाण्याआधी ती सालीपर्यंत कोरत येते, पण साल तेवढी ठेवते. दाण्यावर अंधूक गोल खिडकी दिसते. ती ढकलून भुंगा बाहेर पडला की टिकलीएवढं नीटस भोक. सोंड्याचं भोक वेडंवाकडं, कुरतडल्यासारखं.

यात दुकानदाराला बोल लावण्यातही फारसा अर्थ नाही. बऱ्याचदा मादी शेतातच, वाळत आलेल्या शेंगांवर अंडी घालून गेलेली असते.

बडोद्यात तुरीच्या डाळीला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळतात. खरी गरज अख्ख्या कडधान्याला, कारण भुंग्याला सहसा सबंध दाणाच लागतो. किलोला चमचाभर तेल पुरे. वरचं अंडं त्या थराखाली गुदमरतं. आत शिरलेल्या अळीसाठी मात्र उशीर झालेला असतो. तांदळाचं काय? तिथे अंडं बूच लावून आत बसलेलं, आणि दिवेल चोळलेल्या तांदळाचा भात आमच्याकडे तरी कोणी खाणार नाही.