टर्मिनलमधली उभी रेघ

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मामा, आमच्या कॉलेजच्या गच्चीवरचं हवामानाचं यंत्र ३० डिसेंबरला पहाटे ४ वाजून १४ मिनिटांनी बंद पडलंय. पुढच्या नोंदीच नाहीत." दर मिनिटाला एक तापमान, २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं, आणि त्यावर तिचा प्रकल्प. मी फाइल मागवली, टर्मिनल उघडलं आणि 'टेल' ही कमांड दिली. ती फाइलच्या शेवटच्या दहा ओळी दाखवते. शेवटची नोंद होती ३१ डिसेंबर, रात्री ११ वाजून ५९ मिनिटं. यंत्र ठणठणीत होतं.

मग 'डब्ल्यूसी मायनस एल', म्हणजे ओळी मोज. उत्तर आलं १०,५१,२०१. दिवसाची १,४४० मिनिटं गुणिले ७३० दिवस, अधिक वरची मथळ्याची एक ओळ. हिशेब चोख. भाचीने फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली होती, आणि तिथे एका पानावर दोनाचा विसावा घात इतक्याच, म्हणजे १०,४८,५७६ ओळी मावतात. उरलेल्या २,६२५ ओळी, म्हणजे शेवटचे पावणेचव्वेचाळीस तास, पानाबाहेर राहिले होते.

टर्मिनल म्हटलं की लोकांना सिनेमातला हॅकर आठवतो. खरं तर ती कॉम्प्युटरशी लिहून बोलायची जागा, बस. व्हॉट्सॲपवर "ही ओळ टर्मिनलमध्ये टाका, कॉम्प्युटर दुप्पट पळेल" असे निरोप फिरतात, काही वेबसाइट तर "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करायला" एखादी ओळ चिकटवायला सांगतात. अशी ओळ कधीही चिकटवू नका. टर्मिनलमध्ये मंत्र नसतात. प्रत्येक शब्दाला अर्थ असतो आणि तो 'मॅन' या कमांडने आधी वाचता येतो. 'आरएम'ने पुसलेली फाइल कचरापेटीतही जात नाही, कायमची जाते.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. कीबोर्डवर एक उभी रेघ असते, | अशी. तिला पाइप म्हणतात. डावीकडच्या कमांडचं उत्तर ती उजवीकडच्या कमांडच्या हाती देते. भाचीला कोणतं तापमान किती वेळा आलं ते हवं होतं. त्यासाठी मी एकच ओळ लिहिली. कमांडला जोडायच्या सूचना, म्हणजे पर्याय, गाळून तिचा सांगाडा असा:

कट | सॉर्ट | युनिक | सॉर्ट | हेड

कट फक्त तापमानाचा रकाना कापून घेतो. सॉर्ट सारखे आकडे शेजारी आणतो. युनिक त्यांची मोजदाद करतो, पण तो फक्त लागून आलेल्या ओळींचीच तुलना करतो. म्हणून त्याच्या आधी सॉर्ट लागतोच, नवशिके इथे हमखास फसतात. दुसरा सॉर्ट मोठी संख्या वर आणतो, हेड वरच्या दहा ओळी दाखवतो. पहिल्याच ओळीत सर्वाधिक वेळा आलेलं तापमान झळकलं: उणे ९९९. नोंद चुकली की ते यंत्र हा आकडा लिहीत होतं. भाचीने थेट सरासरी काढली असती तर गच्चीवर बर्फ पडला असता. मग 'ग्रेप' या ओळी शोधणाऱ्या कमांडला 'मायनस व्ही' देऊन त्या ओळी वगळल्या. शोधायचा नमुनाच उणे चिन्हाने सुरू होतो, म्हणून ग्रेप त्याला पर्याय समजतो. आधी 'मायनस ई' लिहिलं की तो नमुना म्हणून वाचतो.

पण त्या रेघेच्या आत घडतं काय? लग्नघरातल्या पोळ्या आठवा. एक जण लाटतेय, दुसरी भाजतेय, मध्ये ताट. ताट भरलं की लाटणारी थांबते, रिकामं झालं की भाजणारी थांबते. पाइप म्हणजे ते ताट. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याचा आकार सहसा ६५,५३६ बाइट असतो (बाइट म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या) आणि ते कर्नलच्या, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमवर देखरेख ठेवणाऱ्या गाभ्याच्या, ताब्यात असतं. ताट भरलं की कर्नल लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला झोपवतो, जागा झाली की उठवतो. वाचणाऱ्याचंही तसंच. म्हणजे पहिला संपल्यावर दुसरा सुरू होतो असं नाही, रेघेच्या दोन्ही बाजूंचे प्रोग्रॅम एकाच वेळी चालू असतात. मेमरीपेक्षा कितीतरी मोठी फाइल एवढ्याशा ताटातून निवांत पुढे सरकते.

'येस | हेड' (yes | head) करून बघा. येस ही कमांड 'वाय' हे अक्षर ओळीमागून ओळ छापत राहते, अनंत काळ. हेड दहा ओळी घेतो आणि उठतो. भाजणारीच निघून गेली तर लाटायचं कशाला? कर्नल येसला सिगपाइप नावाचा संकेत देतो आणि तो तिथेच संपतो. सॉर्टचा स्वभाव मात्र निराळा. सगळ्यात लहान आकडा शेवटच्या ओळीत असू शकतो, म्हणून सगळं हाती येईपर्यंत तो एकही ओळ पुढे देत नाही. मेमरी कमी पडली तर लावलेले गठ्ठे डिस्कवर ठेवतो आणि शेवटी एकमेकांत मिसळतो.

यातलं मला सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की प्रत्येक प्रोग्रॅम शून्य क्रमांकाच्या दारातून वाचतो आणि एक क्रमांकाच्या दारातून लिहितो. दारापलीकडे फाइल आहे, स्क्रीन आहे की दुसरा प्रोग्रॅम, याची त्याला फिकीर नसते. ही कल्पना युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्याही आधीची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात लिहिलं होतं, की बागेतल्या नळीला पुढचा तुकडा जोडावा तसे प्रोग्रॅम जोडता यायला हवेत. १९७३ साली केन थॉम्पसन यांनी एका रात्रीत युनिक्समध्ये पाइप घातले.

याच थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत १९९२ साली यूटीएफ-८ ची, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीची, रचना केली, न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदावर. पाइपला अक्षरं कळत नाहीत, फक्त बाइट कळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि त्यातला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा. ओळ संपल्याची खूण आहे १०. त्यामुळे मराठी अक्षराच्या पोटात चुकूनही ओळ तुटत नाही. 'मराठी' या शब्दाचे बाइट मोजले तर १५ भरतात आणि चिन्हं पाच: म, र, काना, ठ, वेलांटी.

परवा भाचीने वर्गाची हजेरी बाइटच्या क्रमाने लावली आणि विचारलं, "काळे कावळेच्या आधी कसे आले?" युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ळ बसतो ल च्या लगेच पुढे, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. मी उपाय सांगितला: सेड | सॉर्ट | सेड. पहिला सेड प्रत्येक ळ च्या जागी अवग्रह (ऽ) ठेवतो, कारण युनिकोडमध्ये अवग्रह ह च्या पुढे आणि कान्याच्या आधी येतो, शिवाय आडनावांत तो नसतो. मधला सॉर्ट बाइटच्या क्रमानेच लावतो. शेवटचा सेड अवग्रहाचा पुन्हा ळ करतो. तिने एंटर दाबलं. आधी कावळे, मग काळे.