जैसलमेर: कोरड्या हवेच्या भरवशावर उभा किल्ला

भाटी राजपूत घराण्यातल्या रावळ जैसलनं ११५६ मध्ये लोद्रवा ही जुनी राजधानी सोडली आणि पंधराएक किलोमीटरवरच्या त्रिकूट टेकडीवर नवा किल्ला बांधायला घेतला. लोद्रवा होतं सपाटीवर, लुटायला सोपं. त्रिकूट तरी कितीशी उंच? भोवतालच्या मैदानापासून जेमतेम ७५ मीटर. सह्याद्रीतले गड पालथे घातलेला माणूस तिला टेकाडच म्हणेल. पण थरच्या सपाट वाळवंटात एवढी उंचीही दुरून नजरेत भरते. पश्चिमेकडून येणाऱ्या उंटांच्या काफिल्यांना चुकवता न येणारं ठाणं त्यामुळे तयार झालं. जकातीवर राज्य पोसलं गेलं आणि व्यापाऱ्यांच्या पैशातून हवेल्या उठल्या. पुढे मुंबईसारख्या बंदरांकडे व्यापार वळला तशी ही भरभराट ओसरली.

हा किल्ला ज्या दगडाचा आहे, तो समुद्रात तयार झाला. ज्युरासिक काळात, म्हणजे सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी, इथे उथळ समुद्र होता. पर्यटनपुस्तिका जैसलमेरच्या पिवळ्या दगडाला सरसकट वालुकाश्म म्हणतात, पण या भागातला नावाजलेला पिवळा दगड भूशास्त्राच्या दृष्टीनं चुनखडक आहे. त्यात शिंपल्यांचे आणि अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचे जीवाश्म सापडतात. सोनेरी रंग येतो तो त्यातल्या लोहाच्या संयुगांमुळे. जवळच्या हाबूर गावचा जीवाश्मांनी भरलेला दगड दुधात ठेवला की विरजणाशिवाय दही लागतं, असं तिथले लोक सांगतात, आणि त्या दगडाचे पेले पर्यटकांना हौसेनं विकतात.

हा दगड खाणीतून निघतो तेव्हा छिन्नीला सहज वश होतो. वाळवंटात मोठं लाकूड दुर्मीळ, त्यामुळे इथल्या कारागिरांनी सुताराचं काम दगडात केलं. खाचा पाडायच्या, त्यांत दुसऱ्या दगडाचे कुसू म्हणजे पुढे काढलेली टोकं बसवायची, गरज पडेल तिथे लोखंडी पट्टीनं दोन दगड जखडायचे. तटबंदीचाही बराच भाग असाच, चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेला आहे. पाण्याचा तुटवडा असलेल्या मुलखात चुना भिजवून मुरवत बसण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं. शिवाय उन्हानं दगड दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकसतो. कोरड्या सांध्यांत त्या हालचालीला जागा मिळते.

किल्ला साधारण ४६० मीटर लांब आणि २३० मीटर रुंद आहे. तट तिहेरी आहेत. सगळ्यात बाहेरची भिंत लढण्यासाठी कमी आणि टेकडीचा ढिसूळ उतार थोपवून धरण्यासाठी जास्त. तिच्या वर एक तट, आणि त्याच्या आत आणखी एक उंच तट. मधल्या चिंचोळ्या वाटेत शत्रू अडकला की वरून उकळतं तेल आणि धोंडे. त्यासाठी आणून ठेवलेले दगडी गोळे आजही तटाच्या माथ्यावर रांगेनं दिसतात. एकूण बुरूज ९९, त्यांतले ९२ हे १६३३ ते १६४७ या काळात बांधले गेले. म्हणजे आज छायाचित्रांत दिसणारा तो लाटांसारखा वळसे घेत जाणारा तट बहुतांशी सतराव्या शतकातला आहे. वर जाणारी वाट अखई पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल अशा चार दरवाजांतून वळणं घेत चढते.

आत शिरल्यावर गल्ल्या इतक्या अरुंद की दुपारीही बरीच सावली असते. घरांच्या जाड भिंती दिवसभर उष्णता शोषत राहतात आणि ती आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर माणसं गच्चीवर झोपायला गेलेली असतात. झरोके, जाळ्या, पुढे काढलेले सज्जे यांची शोभा तर आहेच, पण या नक्षीच्या उंचसखल भागांची सावली भिंतीवरच पडते आणि ऊन कमी लागतं. छतं लाकडी तुळयांवर चटया आणि त्यावर मातीचा जाड थर अशी. पावसाचं पाणी टेकडीवरून चारी दिशांना बाहेर काढणारी ‘घुटनाली’ नावाची व्यवस्थाही होती.

किल्ल्यातल्या जैन मंदिरांच्या तळघरात एक ज्ञानभांडार, म्हणजे जुन्या हस्तलिखितांचा संग्रह आहे. ताडपत्रं दमट हवेत कुजतात, इथे ती शतकानुशतकं टिकली. १८७४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेले जर्मन संस्कृत पंडित गेओर्ग ब्यूलर आणि त्यांचे तरुण सहकारी हेर्मान याकोबी इथे आले. त्यांना बिल्हण कवीचं ‘विक्रमाङ्कदेवचरित’ सापडलं आणि त्यांनी ते उतरवून घेतलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत ते छापलं गेलं. महाराष्ट्राच्या बऱ्याच मोठ्या भागावर राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याचं हे काव्यचरित्र राजस्थानच्या वाळवंटातल्या तळघरात जिवंत राहिलं होतं!

हे सगळं वर्षाला २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो या हिशेबावर बेतलेलं आहे. पाणी गडीसर तलावातून आणि विहिरींतून डोक्यावरून यायचं, त्यामुळे सांडायला फारसं उरायचंच नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आले. पुढे इंदिरा गांधी कालवा जैसलमेर जिल्ह्यात पोचला आणि पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापाशी वळवलेलं सतलज-बियासचं पाणी शहराला मिळू लागलं. पर्यटक वाढले तशी किल्ल्यात हॉटेलं झाली. प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि फ्लशचा संडास आला. उघड्या गटारांच्या आणि गळक्या वाहिन्यांच्या वाटेनं पाणी टेकडीत मुरू लागलं.

आपल्या गडांवर टाकी खोदली की त्यात पाणी वर्षभर राहतं, कारण खाली अखंड कातळ असतो. त्रिकूट टेकडी वालुकाश्म, शेल हा पापुद्र्यांचा मऊ खडक आणि चिकणमाती यांच्या थरांची आहे. चिकणमाती ओली झाली की फुगते, मऊ पडते, आणि वरचे थर तिच्यावरून घसरू शकतात. पाण्याच्या दाबामुळे मातीच्या कणांमधलं घर्षणही घटतं. बुरूज नेमके उताराच्या कडेला उभे आहेत, म्हणजे सगळ्यात नाजूक जागी. दगडांतल्या लोखंडी पट्ट्या ओल लागून गंजतात, गंजताना त्यांचं आकारमान वाढतं आणि दगड चिरतो. मातीची छतं पाणी पिऊन जड होतात. डागडुजीला सिमेंट वापरलं तर ओल आत कोंडते, दगडातले क्षार पृष्ठभागाशी स्फटिक होऊन जमतात आणि पापुद्रे सुटतात. दुरुस्तीच रोग वाढवते, असा हा प्रकार.

नव्वदच्या दशकात काही बुरूज ढासळले. वारसावास्तू जपण्यासाठी काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेनं १९९६ मध्ये किल्ल्याला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातलं. नंतर राणीच्या महालाची दुरुस्ती झाली, सांडपाण्याच्या वाहिन्यांवरही काम झालं. २०१३ मध्ये युनेस्कोनं राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात जैसलमेर आहे. तरीही ऑगस्ट २०२४ च्या जोरदार पावसात तटाचा एक भाग कोसळलाच.

आत आजही काही हजार लोक राहतात. त्यांना खाली हलवावं, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. मला तो पटत नाही. मातीची छतं लिंपायला, नाल्या मोकळ्या ठेवायला तिथेच राहणारी माणसं लागतात, आणि बंद घर वाळवंटातही फार काळ तग धरत नाही. हॉटेलांच्या न्हाणीघरांवर मर्यादा आणि जमिनीखालच्या वाहिन्यांची दरवर्षी गळती-तपासणी, हे काम जास्त उपयोगाचं. मात्र ते कंटाळवाणं आहे आणि त्याच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही.