ओला कांदा, सुकवलेला कांदा: मान बघून ठरवा

परसातला कांदा उपटून तसाच टोपलीत भरला की पंधरवड्यात तळाचे कांदे मऊ पडतात आणि वास सुटतो. खापर बहुतेक वेळा बियाण्यावर फुटतं. पण नुकताच उपटलेला कांदा आणि मे महिन्यात पोत्याने घेतलेला कांदा दिसायला सारखे असले तरी पहिला ओला असतो आणि दुसरा सुकवलेला. सुकवलेला म्हणजे आतून कोरडा नव्हे; पोटात दोन्हींच्या साधारण 85 टक्क्यांच्या वर पाणीच असतं. सुकतात ती फक्त वरची दोन-तीन सालं आणि मान, म्हणजे गड्डा संपून पात सुरू होते तो भाग. साल कागदासारखी झाली की आतलं पाणी उडत नाही, मान मिटली की बुरशीला वाट मिळत नाही. टिकाऊपणाचा सगळा खेळ त्या बोटभर मानेत आहे.

ओला कांदा कधीही काढता येतो. पातीसाठी लावला असेल तर लागवडीपासून 45 ते 60 दिवसांत, पात पेन्सिलीएवढी जाड झाली की उपटा. अशा वाफ्यात रोपं 7-8 सेंटिमीटरवर दाट लावली तरी चालतात. मात्र साठवायच्या कांद्याची पात अधूनमधून खुडून भाजीला नेऊ नका. कांद्याचा प्रत्येक पापुद्रा म्हणजे एकेका पानाचा फुगलेला तळ. पान खुडलं की तो पापुद्रा पोसायचा थांबतो आणि शेवटी हाती गोल्टी, म्हणजे बारके कांदे लागतात. पातीचा आणि गड्ड्याचा वाफा वेगळाच ठेवावा. गड्ड्यासाठी 15 बाय 10 सेंटिमीटर अंतर धरलं तर एका चौरस मीटरमध्ये 65 च्या आसपास रोपं बसतात. कांदा सरासरी 60-65 ग्रॅमचा झाला तर चार किलो.

साठवणीच्या कांद्याची काढणी मात्र तारखेवर नाही, मानेवर ठरते. डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळी कांदा एप्रिलच्या सुमाराला पक्व होतो. गड्ड्याच्या वरची मान आतून पोकळ होते आणि हिरवी असतानाच पात आडवी पडते. वाफ्यातल्या निम्म्या माना पडल्या की काढायला घ्या. सगळ्या पडायची वाट पाहिली तर आधी पक्व झालेल्यांची सालं मातीतच सुटू लागतात. पाणी काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी तोडायचं. कुंडीत किंवा गच्चीवर कांदा लावणाऱ्यांची चूक हमखास इथेच होते, रोज झारी फिरते आणि मान जाडच राहते. युरिया किंवा ताजं शेणपाणी उशिरापर्यंत दिलं तरी तेच होतं. लागवडीला दोन महिने झाल्यावर नत्र बंद.

पावसाळ्यात लावून ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघणाऱ्या लाल कांद्याच्या माना आपोआप पडत नाहीत, कारण पानं वाढतच राहतात. शेतकरी त्यावरून रिकामा पिंप फिरवून माना पाडतात, परसात हाताने वाकवल्या तरी पुरे. तरीही तो कांदा महिना-दीड महिन्यात संपवायचाच. बसवंत 780 किंवा ॲग्रिफाउंड डार्क रेड हे पावसाळी वाण दिवाळीला काढून पुढच्या पावसाळ्यासाठी टांगून ठेवणं ही फुकटची मेहनत. साठवायचं असेल तर एन 2-4-1, ॲग्रिफाउंड लाइट रेड किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण, भीमा शक्ती असे रब्बीला, म्हणजे वरच्या उन्हाळी कांद्याला चालणारे वाण घ्या.

आता सुकवणं. कांदे पातीसकट उपटून वाफ्यातच तीन ते पाच दिवस ओळीने पसरा, आणि असे की मागच्या ओळीची पात पुढच्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल. हे झाकण महत्त्वाचं. एप्रिलच्या उन्हात उघडा गड्डा एका बाजूने अक्षरशः शिजतो, तिथली साल पांढुरकी-मऊ पडते आणि पुढे कुजायला सुरुवात तिथूनच होते. त्या दिवसांत पात आपल्यातला रस गड्ड्यात उतरवत असते, म्हणून उपटल्याबरोबर पात छाटायची नाही. मग मानेला पीळ देऊन 3 ते 4 सेंटिमीटर वर कापा. मानेलगत कापलेला कांदा उघड्या जखमेसारखा असतो. त्यानंतर वारं खेळेल अशा सावलीत दहा-बारा दिवस, एका थरात. धुवायचं नाही, माती हाताने झटकायची. अवकाळी पावसाचं आभाळ आलं तर वाफ्यातलं वाळवणं सोडून थेट पडवीत आणा, पंखा लावा आणि सावलीतले दिवस वाढवा.

सुकला हे ओळखायचं कसं? मान अंगठा आणि बोटात धरून चोळा. ओलसर, घसरती लागली तर अजून वेळ आहे. दोरीसारखी कोरडी लागली आणि कांदे हलवल्यावर सालं सळसळली तर झालं. याच वेळी निवड करा. डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले, जोड कांदे, जाड मानेचे आणि कुदळीचा घाव लागलेले बाजूला काढून आधी स्वयंपाकात वापरा.

अलिबागकडे, कार्ले-खंडाळे भागात, पांढऱ्या कांद्याची पात कापतच नाहीत, तिची वेणी घालून माळ करतात. या कांद्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वेणी घालायला पात अर्धवट सुकलेली लागते. पार वाळली तर तुटते, हिरवी राहिली तर वेणीच्या आत सडते. माळ टांगली की प्रत्येक कांद्याला वारा लागतो. घरी दहा-बारा किलोच असतील तर याहून चांगली सोय नाही. नाहीतर जाळीच्या पिशव्या किंवा बांबूची पाटी. प्लास्टिकची पिशवी नको आणि फ्रिजही नको: तिथल्या दमट गारव्यात अख्ख्या कांद्याला मुळं आणि कोंब लवकर फुटतात. ओल्या पातीला मात्र फ्रिजच बरा. न धुता कागदात गुंडाळली तर पाच-सहा दिवस राहते.

स्वयंपाकातही एकाच्या जागी दुसरा चालतो असं नाही. पातीच्या भाजीत पांढरा भाग आधी, हिरवी पात शेवटच्या तीन-चार मिनिटांत, आणि मीठ पात आळल्यावर, नाहीतर खारट होते. भज्यांना ओला लाल कांदा घेतलात तर चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवा. वरून पाणी घातलं की पीठ पळतं. बिर्याणीवरच्या तळलेल्या कांद्याला किंवा मटणाच्या वाटणाला सुकवलेला उन्हाळी कांदा घ्यावा. ओला कांदा तेलात बराच वेळ पाणीच सोडत बसतो, काळपट होतो तरी कुरकुरीत होत नाही.

वर्षभराच्या कांदा-लसूण मसाल्याला एवढ्यानेही भागत नाही. तिथे सुकवलेला कांदा पुन्हा 2-3 मिलिमीटर उभा चिरून मेच्या कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवतात. काप कडकन मोडला तरच तळायला घ्यायचा. वाकणारा काप मसाल्यात गेला की पावसाळ्यात बरणीला बुरशी धरलीच म्हणून समजा. दहा किलोला साधारण किलोभर वाळलेला कांदा उतरतो, त्या हिशेबाने घाला.

साठवलेला कांदा दर पंधरा दिवसांनी उलटून पाहावा लागतो, पावसाळ्यात दर आठवड्याला. वरच्या सालीवर काजळी असेल तर ती साल काढून लगेच वापरा. काळं आतल्या पापुद्र्यांत उतरलं असेल तर कांदा टाका. मान दाबल्यावर आत जात असेल तर तो शेजारच्यांना नासवण्याआधी उचला. कोंब फुटलेला कांदा घट्ट असेल तर कुंडीत टोक वर ठेवून अर्धा पुरा. तीन-चार आठवड्यांत पिठल्यापुरती पात मिळते.