तिवराची मुळं चिखलातून वर का येतात?

ओहोटीला मुंबईतल्या गोराईच्या खाडीकाठी उभं राहिलं की तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या एका झाडाच्या, बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो टोकं वर आलेली दिसतात. ती त्या झाडाची मुळं. खाजणातल्या, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीतल्या, गाळात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून ही मुळं वर येतात आणि सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतात. पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. मुळांतून आलेलं जास्तीचं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं.

खोडांच्या आणि मुळांच्या या दाटीत लाटेचा जोर मोडतो, पाणी संथ होतं आणि गाळ तिथेच बसतो. काठ धुपत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या काठची तिवरं आणि खाजणं भराव घालून आधीच आक्रसली होती, पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तिवरतोडीला मनाई केली.

पण तिवर मारायला कुऱ्हाडच लागते असं नाही. डेब्रिजचा एक बांध पुरतो. भरतीचं पाणी आत येईनासं झालं, किंवा आत शिरलेलं बाहेर पडेनासं झालं, की झाडं उभ्या उभ्या वाळतात. प्लास्टिकच्या पिशव्या मुळांवर चिकटल्या तरी तीच गत, छिद्रंच बुजतात.

हे सगळ्यात आधी कळतं कोळीवाड्यात. निवट्या, चिखलात उड्या मारणारे ते छोटे मासे, कमी झाल्या, चिंबोरीची बिळं दिसेनाशी झाली, की पाणी कुठेतरी अडलंय हे कोळणीला सांगावं लागत नाही. कोळंबीची, माशांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात, तिचं पोट त्यावर आहे. म्हणून मला वाटतं, खाडीकाठच्या माणसांचं सगळ्यात मोलाचं काम रोपं लावण्याचं नाहीच. मुळांवरचा कचरा उपसणं, टाकलेल्या भरावाची वेळीच तक्रार करणं, भरतीची वाट मोकळी ठेवणं, यानेच खाडी टिकते. रोपांसोबत फोटो निघतात, या कामाचे निघत नाहीत, याची मला खरंच खंत वाटते.

वाट मोकळी झाली आणि आसपास जुनी झाडं असली, तर पुढचं बरंचसं तिवर स्वतःच करतं. त्याचं बी झाडावर असतानाच रुजायला लागतं, गळून पडलं की पाण्यावर तरंगत राहतं आणि ओहोटीला जिथे टेकेल तिथे चिखलात मूळ धरतं.