मासळीची मागणी : जगातली आणि खानदेशातली

मासे, झिंगे, खेकडे, शिंपल्या असं पाण्यातलं खाणं लोक किती आणि कुठल्या भावाला घ्यायला तयार आहेत, ती मासळीची मागणी. शेवाळ काही हिशोबांत धरतात, इथे धरलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात माणशी वार्षिक खप १९६१ ला ९.१ किलो होता, २०२२ ला २०.७ किलोच्या आसपास गेला. नुसती माणसं वाढली म्हणून हे झालं असं नाही, कारण एकूण खप सरासरी वर्षाला ३ टक्क्यांनी वाढला आणि लोकसंख्या १.६ टक्क्यांनी. शहरं वाढली, हातात पैसा आला, बर्फ आणि कोल्ड स्टोरेज गावोगावी पोचलं हे आहेच, पण समुद्रातली पकड १९८० च्या दशकाच्या शेवटापासून साधारण तिथेच आहे, म्हणजे वाढीव मागणी भागवली ती तळ्यातल्या आणि पिंजऱ्यातल्या मासळीने. २०२२ ला पाळलेली मासळी पकडलेल्यापेक्षा पहिल्यांदाच जास्त भरली, ९.४४ कोटी टन, एकूण उत्पादनाच्या ५१ टक्के.

आता हे २०.७ किलो कुणी ताटात मोजलेले नाहीत. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, खायला न गेलेली (मुख्यतः मासळीची पूड करायला गेलेली) वजा करायची आणि उरेल त्याला लोकसंख्येने भागायचं, याला दिसणारा खप म्हणतात. वजन सुद्धा जिवंत माशाचं, म्हणजे डोकं, खवले, काटे, आतडी सगळं धरून, त्यामुळे पोटात जातं ते बरंच कमी. सुकी मासळी परत ओल्या वजनात बदलून धरावी लागते, आणि बोंबलात पाणीच इतकं की सुक्या किलोमागे कित्येक किलो ओला बोंबील लागतो, मग गुणक थोडा चुकला तरी आकडा हलतो.

मूळ उत्पादनाच्या आकड्यावरही वाद आहे. चीनची समुद्री पकड फुगवून सांगितली जाते असं २००१ ला दोन संशोधकांनी मांडलं, पुढे चीनने स्वतःच २००६ चं उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी खाली आणलं. उलट बाजूने डॅनियल पॉली आणि डर्क झेलर या मत्स्य-संशोधकांनी २०१६ ला म्हटलं की १९९६ ची जागतिक समुद्री पकड ८.६ कोटी नाही तर १३ कोटी टन होती, कारण छोट्या होड्यांचं आणि घरी खाल्लेलं कुणी लिहीतच नाही. यात अंदाज फार घेतलेत असा आक्षेप आहे आणि तो अगदीच सोडून देण्यासारखा नाही. पण खानदेशाला समुद्रच नाही, त्यामुळे इथे २०१८ चा अभ्यास जास्त लागू पडतो: ४२ देशांतल्या घरोघरच्या पाहणीतून असं निघालं की नदी-तलावातली पकड सरकारी नोंदीपेक्षा साधारण ६५ टक्के जास्त आहे.

भागायचं कशाने हाही प्रश्न आहेच. भारतात २००५-०६ ते २०१९-२१ या काळात माणशी खप ४.९ वरून ८.८९ किलोवर गेला, पण फक्त खाणाऱ्यांचा काढला तर ७.४३ वरून १२.३३. जळगाव, धुळे, नंदुरबारमधे हा फरक डोळ्यांना दिसतो, माळकरी घरात मासळी शिरत नाही आणि त्याच गावच्या भोईवाड्यात आठवड्यातून दोनदा शिजते, या दोघांची सरासरी काढून कुणाचंच जेवण कळत नाही. नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडे भिल्ल, पावरा, मावची लोक संध्याकाळी धरलेलं संध्याकाळीच शिजवतात, त्याला ना भाव ना पावती. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, त्यातल्या लोकांनी त्याच पाण्यात मासेमारीच्या सहकारी संस्था उभ्या केल्या, तिथली मासळी तरी वजनकाट्यावर येते.

बाजारात मुख्य माल रोहू, कटला, मृगळ, चिलापी (तिलापिया), त्याखाली मरळ आणि वाम. पहिले तीन मूळचे उत्तरेतल्या नद्यांचे, पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण करून दाखवली, तिथून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) हवी तेव्हा मिळायला लागली आणि धरणात सोडता यायला लागली. गिऱ्हाईक गलफडं उचलून लाल आहे का बघतं, बोटाने दाबून बघतं, वाम राख लावल्याशिवाय हातात थांबत नाही. भाजलेलं कांदा-खोबरं आणि काळा मसाला घालून रस्सा, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी.

मागणी सगळं वर्षभर सारखी नसते. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक होड्यांची समुद्री मासेमारी बंद, म्हणून सुकट-बोंबलाची बेगमी वैशाखातच होते, श्रावणात ओल्या मासळीचा भाव पडतो. मृगात चढणीचे मासे लोक आवडीने खातात, पण ते अंडी घालायला निघालेले असतात, पोट भरलेली एक मादी धरली की पुढची किती पिल्लं गेली याचा विचार व्हायला पाहिजे, तेवढे दिवस तरी ओढ्या-नाल्यांची तोंडं जाळ्यांनी बंद करू नयेत.

अलीकडे पिंजऱ्यातली चिलापी आणि पंगस वाढतोय, २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पिंजऱ्यांना अनुदान ठेवलं गेलं. या माशांना खाद्य विकत घालावं लागतं आणि त्यात सोयापेंड, मका, तांदळाचा कोंडा असतो, त्यामुळे पिंजऱ्यातल्या चिलापीचा भाव मक्याच्या आणि सोयाबीनच्या भावाबरोबर वर-खाली होतो.